स्वरही हवा, शब्दही हवा
संगीत आणि चित्रपट या दोहोंसाठी घरी प्रीअँप्लिफायर निवडताना

गेल्या वर्षभरात आमच्या परिचयातल्या पाच-सहा घरांतून एकच प्रश्न आमच्याकडे आला. ‘‘सर, घरी मोठा टीव्ही आला आहे. आता त्याला साजेसा आवाज हवा. चित्रपटही पाहावयाचे आहेत आणि गाणेही ऐकावयाचे आहे. काय घ्यावे?’’ वास्तविक आम्ही मराठीचे शिक्षक. उभी हयात शासकीय शाळेत गेली, आणि आता इकडे ज्याला प्रधानाध्यापक म्हणतात त्या खुर्चीत बसून दाखल्यांवर सह्या करीत असतो. विजेच्या यंत्रांशी आमचा संबंध शाळेची घंटा बिघडली म्हणजे मिस्त्रीला बोलावण्यापुरता. तथापि या बाबतीत तीन वर्षांपूर्वी आम्ही एक चूक केली, आणि ती निस्तरता निस्तरता पुष्कळ गोष्टी शिकलो. ज्याने ठेच खाल्ली त्यालाच रस्ता विचारावा, असे लोकांना वाटत असावे. म्हणून तो सगळा अनुभव येथे एकत्र मांडतो.

आमचे घर इंदूरचे, रामबागेतले. आमच्या आजोबांनी जमविलेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी आणि ती. दादांनी पगारातून पैसे वाचवून घेतलेल्या एलपी, अशी दोन पिढ्यांची ठेव एका शिसवी कपाटात आहे. दादा आता चौऱ्यांऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना याच गावात समोर बसून ऐकले. १९७४ साली खाँसाहेब गेले; तेव्हापासून दिवेलागणीला त्यांच्या मारव्याची एलपी लावावयाची आणि एक बाजू संपेपर्यंत कोणाशी बोलावयाचे नाही, हा दादांचा नेम. आमच्या घरात संध्याकाळ झाली हे आम्हाला घड्याळाने नव्हे, त्या मारव्याने कळत असे.

तीन वर्षांपूर्वी घरातला तीस वर्षे जुना स्टिरिओ अँप्लिफायर बसला. आवाजाची कळ फिरविली की खरखर होई, आणि डावी बाजू मनात येईल तेव्हा बंद पडे. पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी पैसे पाठविले व फोनवर म्हणाले, ‘‘बाबा, आता एकच मोठे यंत्र घ्या. चित्रपट, गाणी, सगळे त्यातच होईल.’’ आम्ही एका दुकानात गेलो. पेटीवर छापलेले आकडे व चिन्हे पाहून डोळे दिपले, आणि ज्यावर अधिक चिन्हे तेच अधिक चांगले, अशा हिशेबाने एक एव्ही रिसीव्हर व पाच स्पीकरांचा संच घेऊन आलो. दुकानाच्या मुलाने येऊन तो तासाभरात बसवून दिला.

पहिल्याच रविवारी सगळे घर ‘कुंकू’ पाहावयास बसले. आठ दिवसांनी आमच्या लक्षात आले की, दादा हल्ली बैठकीत येतच नाहीत. विचारले तर म्हणाले, ‘‘आवाज येतो रे, शब्द येत नाहीत.’’ मारवा लावला, तर पाच मिनिटांत उठले. ‘‘हे खाँसाहेब विहिरीत बसून गाताहेत. बंद कर.’’ त्यानंतर कपाट उघडले गेले नाही. त्यांचा तो नेम मोडला याचे दुःख होतेच. पण तो आम्ही पदरचे पैसे घालून मोडला, हे अधिक लागले.

स्वर आणि व्यंजन

आम्हाला प्रथम वाटले की, दोष दादांच्या कानांचा. म्हणून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाली. वयोमानाप्रमाणे उंच कंपनसंख्येचे आवाज त्यांना कमी ऐकू येतात, असे निघाले. वृद्धापकाळी कानांची शक्ती बहुधा वरच्या बाजूने उतरू लागते. खालचे व मधले स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात. हे ऐकताना आमच्यातला व्याकरणाचा शिक्षक जागा झाला.

‘पाट’, ‘पाठ’, ‘पात’ आणि ‘पाक’ हे चार शब्द उच्चारून पाहावेत. चारही शब्दांतला ‘आ’ सारखाच आहे, आणि तो भरदार आहे. अर्थ ठरवितो तो शेवटच्या व्यंजनाचा निसटता आवाज. स्वराला बळ असते, व्यंजनाला धार असते. काळी एक पट्टीत लावलेला पुरुषी षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा. परंतु ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’, ‘फ’ यांची ओळख पटविणारा बराचसा भाग २,००० हर्ट्झच्या वरचा असतो, आणि तो फार क्षीण असतो. खोलीत प्रतिध्वनी असला, किंवा यंत्राने आवाजाला काही पुटे चढविली, तर स्वर तगतात आणि व्यंजने पुसली जातात. तरुण कान संदर्भावरून आणि उरल्यासुरल्या आवाजावरून ती भरून काढतो. वृद्ध कानाला ते जमत नाही. म्हणजे दादांचे कान थोडे कमी झाले होते हे खरे. पण उरलेले काम आम्ही आणलेल्या यंत्राने बिघडविले होते, हेही तितकेच खरे.

इकडच्या मराठी घरांत या गोष्टीला आणखी एक महत्त्व आहे. आपल्या नातवंडांना शाळेत, गल्लीत, बाजारात हिंदी ऐकू येते. मराठी त्यांच्या कानांवर पडते ती एक आपल्या तोंडून आणि दुसरी पडद्यावरून. ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांतला फरक ज्या मुलांनी कानांनी ओळखावयाचा, त्यांच्यापर्यंत तो ‘ळ’ स्पष्ट पोचावयास नको काय? सांगावयाचे तात्पर्य, संगीताला स्वर निर्मळ हवा आणि चित्रपटाला शब्द निर्मळ हवा. या दोन्ही गोष्टी सांभाळण्याचे पुष्कळसे काम ज्या भागात होते, त्याला प्रीअँप्लिफायर म्हणतात.

हा भाग करतो तरी काय?

कोणत्याही ध्वनियंत्रात दोन कामे असतात. एक अंगमेहनतीचे, म्हणजे स्पीकरचे पडदे हलविण्याइतकी वीज पुरविण्याचे. ते पॉवर अँप्लिफायर करतो. दुसरे काम त्याच्या आधीचे : रेकॉर्ड, सीडी, टीव्ही यांपैकी कोणाचे ऐकावयाचे ते निवडणे, त्या नाजूक संकेताची पातळी योग्य करणे, आवाज लहानमोठा करणे, आणि मग तो पुढे सोपविणे. हे प्रीअँप्लिफायरचे काम. दोन्ही भाग एकाच पेटीत असले की त्याला इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणतात. चित्रपटांच्या ध्वनीची सांकेतिक भाषा उलगडणारा भाग, प्रीअँप्लिफायर आणि अनेक पॉवर अँप्लिफायर हे सारे एकत्र कोंबले की एव्ही रिसीव्हर होतो. त्यातून पॉवर अँप्लिफायर वगळले, म्हणजे उरतो तो एव्ही प्रीअँप्लिफायर किंवा प्रोसेसर. घरगुती चित्रपटगृहासाठी लोक ज्याची चौकशी करतात, तो हाच.

संकेत किती नाजूक असतो, ते आकड्यांवरून कळेल. सीडी प्लेअरमधून कमाल सुमारे २ व्होल्टचा संकेत निघतो. रेकॉर्डवरून फिरणाऱ्या सुईच्या कार्ट्रिजमधून, मूव्हिंग मॅग्नेट जातीचे असेल तर, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. आणि मूव्हिंग कॉइल जातीचे असेल तर त्याच्याही दहाव्या हिश्शाइतकाच. असा संकेत वाढविताना जी खरखर किंवा गुणगुण त्यात मिसळेल, तीही पुढे तितकीच वाढणार. पॉवर अँप्लिफायरला हे पाणी, हे दूध असे निवडता येत नाही. म्हणून येथे शांतता हा पहिला गुण.

संगीताची मागणी

संगीतासाठी प्रीअँप्लिफायर घेताना ज्यांच्या घरी रेकॉर्डी आहेत त्यांनी प्रथम ‘फोनो’ ही खूण पाहावी. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी करतात, नाही तर खाचांची वळणे फार रुंद होऊन शेजारच्या खाचेत घुसतील. आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवितात, कारण वाजविताना ते पुन्हा खाली आणले की त्यांबरोबर पृष्ठभागाची खसखसही खाली जाते. या कमी-जास्तीचे माप अमेरिकेतील रेकॉर्ड व्यवसायाच्या संघटनेने १९५४ साली ठरवून दिले. वाजविताना ते बरोबर उलटे करणे हे फोनो विभागाचे काम. १,००० हर्ट्झच्या स्वराच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे नऊपट उचलावा लागतो, एवढे सांगितले म्हणजे हे काम किरकोळ नव्हे हे ध्यानात यावे. रेकॉर्ड प्लेअर साध्या खोबणीत जोडला, तर आवाज बारीक व किरटा येतो. त्याचे कारण हेच.

जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डींचे प्रकरण वेगळे. त्यांच्या खाचा रुंद, म्हणून सुई जाड लागते. एलपीची सुई त्यांत तळाशी रखडते. बहुतेक रेकॉर्डी १९५४ च्या आधीच्या, त्यामुळे त्यांना हे माप तंतोतंत लागू पडत नाही. प्रीअँप्लिफायरवर खर्ज-तार कमी-जास्त करण्याच्या कळा असल्या तर त्या येथे कामास येतात. आणखी एक लहानशी सोय फार मोलाची आहे : मोनोची कळ. या रेकॉर्डींत सुई आडवी हलते तेव्हा गाणे निघते, उभी हलते तेव्हा निव्वळ खरखर. मोनोची कळ दाबली की उभ्या हालचालीचा आवाज परस्परांत वजा होतो आणि पुष्कळ स्वच्छता येते. जुन्या यंत्रांवर ही कळ सर्रास असे. आता ती शोधावी लागते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या कळीची. हलक्या प्रतीची कळ अगदी खाली असताना डावी-उजवी बाजू सारखी ठेवीत नाही. रात्री हळू आवाजात तानपुरा एकाच बाजूने येऊ लागतो. दुकानात सगळे मोठ्याने वाजवून दाखवितात; आपण मुद्दाम हळू लावून ऐकावे.

तिसरी गोष्ट, एव्ही यंत्रांत ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ अशी सोय असते, तिची. अशा यंत्रात रेकॉर्डीचा आवाजही बहुधा अंकांत रूपांतरित होतो, त्यावर संस्कार होतात, आणि मग तो पुन्हा मूळ रूपात येतो. ‘डायरेक्ट’ने हे मधले संस्कार टळतात. आमच्या यंत्रात काय झाले होते, तर दुकानाच्या मुलाने सगळ्याच ध्वनीला सभागृहाचा आभास देणारा संस्कार लावून ठेवला होता. खाँसाहेबांची विहीर ती हीच. एक बटण दाबताच ते विहिरीतून बाहेर आले. परंतु पूर्वीसारखे समोर येऊन बसले नाहीत.

चित्रपटाची मागणी

चित्रपटाचा ध्वनी हा वेगळा संसार आहे. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली बोलला तो एकाच वाटेने. त्या काळचे सारे बोलपट तसेच. पुढे चित्रपटगृहांत ध्वनी अनेक वाटांनी येऊ लागला. ‘शोले’च्या ७० मिलिमीटरच्या प्रती १९७५ साली स्टिरिओफोनिक ध्वनीसह लागल्या, ते आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल आले : समोर डावा, मधला, उजवा, बाजूंना दोन, आणि गडगडाटाच्या खर्जासाठी एक निराळी वाट. हेच ते ‘फाइव्ह पॉइंट वन’. २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटापासून डॉल्बी ॲटमॉस आले आणि आवाज छतावरूनही येऊ लागला. घरच्या यंत्राने ही सगळी लिपी वाचली पाहिजे, हे उघड आहे. पण लिपी वाचणे आजकाल साध्या यंत्रांनाही येते. खरी परीक्षा चार गोष्टींत आहे.

पहिली, मधल्या स्पीकरची वाट. चित्रपटातील संवाद बहुतांशी तेथूनच येतात. त्याची पातळी एकट्याची वाढविता येते की नाही, हे पाहावे. आमच्या घरी तो स्पीकर शोकेसच्या खालच्या कप्प्यात, आत ढकलून ठेवला होता. तो बाहेर, टीव्हीच्या खाली, कानांकडे किंचित तोंड करून ठेवला आणि त्याची पातळी ३ डेसिबलने वाढविली. एक पैचा खर्च झाला नाही, आणि अर्धे दुखणे गेले. ज्यांच्याकडे मधला स्पीकर नाही त्यांनी यंत्राला तसे निक्षून सांगावे; नाही तर यंत्र संवाद रिकाम्या तारेवर पाठवीत बसते.

दुसरी, अंतराचा हिशेब. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचून शब्दाची कड बोथट होऊ नये, म्हणून यंत्र त्याला थोडे थांबवून धरते. मायक्रोफोन ठेवून हे मोजमाप आपोआप करणाऱ्या ऑडिसी, डिरॅक अशा पद्धती आहेत. खोलीमुळे घुमणारा खर्जही त्या आवरतात. मात्र खोलीचा प्रतिध्वनी त्या पुसू शकत नाहीत. त्यासाठी फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि भिंतीशी पुस्तकांचे कपाट यांसारखा उपाय नाही.

तिसरी, खर्जाची वाटणी. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचे आवाज सबवूफरकडे वळविले, म्हणजे लहान स्पीकरांवरचा भार हलका होतो व शब्द मोकळे होतात. ही सीमा प्रत्येक स्पीकरसाठी वेगळी ठरविता आली तर उत्तम.

चौथी, रात्रीची सोय. कुजबूज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट होऊन शेजारी जागे होतात. लहान व मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारी सोय बहुतेक यंत्रांत असते. चित्रपटासाठी ती रात्री लावावी. गाण्यासाठी कधीही लावू नये, कारण विलंबित ख्यालात हळूहळू चढत जाणारा जो आवाज असतो, त्याचा चढच ती सपाट करते.

जुन्या एकवाटी चित्रपटांबद्दल एक सूचना. ‘कुंकू’ १९३७ चा. त्यात पार्श्वसंगीत नाही, व्ही. शांताराम यांनी प्रसंगातलेच आवाज वापरले. अशा चित्रपटाला सभागृहाचा आभास लावणे म्हणजे कोऱ्या धोतराला जरीचा काठ शिवणे. दोन्ही बाजूंचा सारखा आवाज ओळखून तो मधल्या स्पीकरकडे पाठविणारी डॉल्बी सराउंडची सोय तेवढी वापरावी.

तीन वाटा

आता निवड. आमच्या मते घरापुढे तीन वाटा असतात.

पहिली, एकटा एव्ही रिसीव्हर. घरात रेकॉर्डी नाहीत, गाणे कामे करता करता ऐकले जाते आणि मुख्य ओढ चित्रपटांची आहे, अशा घराला ही वाट पुरेशी आहे. फक्त मागच्या बाजूस ‘प्रीआउट’ असल्याचे पाहून घ्यावे. पुढे सुधारणा करावयाची झाली तर दार उघडे राहते.

दुसरी, स्वतंत्र एव्ही प्रीअँप्लिफायर आणि त्याला जोडलेले निराळे पॉवर अँप्लिफायर. मरांट्झ, अँथम यांसारख्या कंपन्या असे प्रीअँप्लिफायर करतात. त्यांत सहसा एक्सएलआर जातीच्या खोबणी असतात. तारा लांब न्यावयाच्या असतील तर बाहेरची गुणगुण त्यांमुळे टळते. वेगळी खोली आणि मोठा खर्च यांची तयारी असेल, तर ही वाट राजमार्ग. पण एक गोष्ट विसरू नये. अंकीय यंत्राचे आयुष्य त्यातले भाग झिजेपर्यंतचे नसून नवी पद्धत येईपर्यंतचे असते. टीव्हीचा ध्वनी उलट मागे आणणारी एआरसी ही सोय २००९ साली आली आणि सुधारलेली ईएआरसी २०१७ साली. मधल्या काळात ज्यांनी महाग प्रोसेसर घेतले, त्यांच्या वाट्याला जुनीच सोय राहिली.

तिसरी वाट आम्ही धरली, आणि रेकॉर्डी असलेल्या मध्यमवर्गीय घरांना तीच सुचवितो. चित्रपटासाठी मध्यम प्रतीचा एव्ही रिसीव्हर. आणि संगीतासाठी एक साधा, चांगला, दोन वाटांचा प्रीअँप्लिफायर, ज्याला ‘होम थिएटर बायपास’ नावाची खोबण आहे. रिसीव्हरच्या समोरच्या डाव्या-उजव्या ‘प्रीआउट’मधून तार या खोबणीत आणावयाची. चित्रपट लावला की स्टिरिओ प्रीअँप्लिफायर स्वतःची कळ बाजूला ठेवून आवाज तसाच पुढे सोडतो. लहानमोठे करणे रिसीव्हरकडे राहते. गाणे ऐकताना रिसीव्हर बंदच असतो. समोरचे दोन उत्तम स्पीकर दोन्हीकडे कामास येतात. रिसीव्हर दहा वर्षांनी जुना झाला तर बदलता येतो. स्टिरिओ प्रीअँप्लिफायरला जुने होण्याचे कारणच नसते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. बायपासच्या खोबणीत सीडी प्लेअर कधीही जोडू नये; तेथे आवाज रोखणारे काहीच नसल्याने तो पूर्ण जोराने सुटेल आणि स्पीकर जातील. आणि जोडणी बदलल्यावर मायक्रोफोनचे मोजमाप पुन्हा करावे, नाही तर समोरच्या व बाजूच्या आवाजांचा मेळ चुकतो.

आमच्या बाबतीत नशिबाने एक अधिक गोष्ट घडली. जुना अँप्लिफायर भंगारात देण्यापूर्वी एका वृद्ध कारागिराला दाखविला. त्याने मागच्या बाजूची दोन लहान पितळी कड्यांसारखी जोडणी दाखविली. ती काढली की यंत्राचे दोन भाग वेगळे होतात : प्रीअँप्लिफायर आणि पॉवर अँप्लिफायर. बिघडली होती ती निवडीची व आवाजाची कळ; पॉवरचा भाग ठणठणीत होता. म्हणजे आम्हाला हवा होता तो केवळ प्रीअँप्लिफायर. जुनी यंत्रे टाकण्यापूर्वी वाचकांनी त्यांची पाठ अवश्य पाहावी.

विकत घेण्यापूर्वी ऐकावे कसे?

एक, आपल्या घरची, पाठ असलेली ध्वनिमुद्रिका न्यावी. दुकानातली झगमगीत ध्वनिमुद्रिका सगळ्याच यंत्रांवर चांगली वाजते.

दोन, दोन यंत्रे तोलताना आवाज सारखा ठेवावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते.

तीन, फोनोची निवड करून, रेकॉर्ड न लावता, कळ नेहमीच्या जागेच्या वर न्यावी आणि स्पीकरजवळ कान न्यावा. हलकी सळसळ क्षम्य. ठसठशीत गुणगुण नव्हे. रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थिंगची तार मागच्या स्क्रूला जोडलेली आहे ना, हे आधी पाहावे.

चार, संगीत आणि संवाद या दोहोंची परीक्षा एकाच चित्रपटावर घ्यावयाची तर २०१५ चा ‘कट्यार काळजात घुसली’ घ्यावा. त्यात मैफलही आहे आणि धारदार संवादही. ‘सैराट’च्या गाण्यांतला वाद्यवृंद हॉलीवुडमध्ये ध्वनिमुद्रित झाला आहे, त्यातली व्हायोलिने आणि त्याच चित्रपटातली ग्रामीण बोली, दोन्ही सारख्या सहजतेने येतात का ते ऐकावे.

पाच, घरी आणल्यावर गुणगुण आलीच, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी केबल टीव्हीची तार काढून पाहावी. पुष्कळदा त्या तारेचे अर्थिंग आणि घरचे अर्थिंग यांचा झगडा असतो, आणि त्यासाठी स्वस्तातला आयसोलेटर मिळतो. काही उत्साही मंडळी प्लगचा तिसरा पाय तोडून टाकतात. तसे कदापि करू नये. गुणगुण जाईल, पण जिवाशी गाठ पडेल.

सहावी गोष्ट खर्चाची. स्पीकर आणि खोली यांच्याकडे आधी पाहावे, प्रीअँप्लिफायरकडे नंतर. वाईट स्पीकरला चांगला प्रीअँप्लिफायर सुधारू शकत नाही. मात्र चांगल्या स्पीकरला वाईट प्रीअँप्लिफायर बिघडवू शकतो.

असो. नवा प्रीअँप्लिफायर आला त्या दिवशी आम्ही दादांना काही बोललो नाही. मोनोची कळ असलेला, फोनोची व बायपासची खोबण असलेला, पुढच्या बाजूस मोजून चार कळा असलेला तो एक साधा डबा होता. चिरंजीवांनी फोटो पाहून ‘‘एवढेच?’’ असे विचारले. दिवेलागणीला आम्ही मारवा लावला. दादा आतल्या खोलीत होते. पहिला आलाप संपत आला तेव्हा काठीचा आवाज आला. ते आपल्या जुन्या खुर्चीत येऊन बसले, आणि बाजू संपेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा ‘कुंकू’ लावला. मधला स्पीकर जागेवर होता, खाली सतरंजी होती, पडदा ओढलेला होता. केशवराव दाते यांचे बोलणे चालू असताना दादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. आम्हाला वाटले, पुन्हा काही बिघडले. ते म्हणाले, ‘‘अरे, तुम्ही बोलू नका. मला आता कळते आहे.’’

त्यांचे कान काही परत आले नाहीत. ते कोणत्याही यंत्राने येणार नाहीत. दूरचा फोन त्यांना अजूनही नीट कळत नाही, आणि आम्हाला तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते. परंतु घरात दिवेलागणीची वेळ पुन्हा ठरली आहे. प्रीअँप्लिफायर निवडताना वाचकांनी पेटीवरची चिन्हे मोजण्यापूर्वी आपल्या घरात ऐकणारी माणसे कोण, हे मोजावे. आणि त्यांतले जे सर्वांत वृद्ध असतील, त्यांना जवळच्या खुर्चीत बसवून मगच पैसे द्यावेत.